अंदमानांतील पहिली वसति : कालनिर्णयाच्या पुराव्याचें परीक्षण

(१) प्रश्नाचें स्वरूप

अंदमान बेटांतील मूळ रहिवासी त्या बेटांत साठ हजार वर्षांपासून राहत आहेत, हें विधान अलीकडे इतक्या वेळां छापलें गेलें आहे कीं, त्यास पुरावा मागण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. २०१८ सालीं उत्तर सेंटिनेल बेटावर एक परदेशी तरुण मारला गेला, त्या वेळीं देशोदेशींच्या वृत्तपत्रांनीं हाच आंकडा पुनः पुनः दिला. उलटपक्षीं, अंदमानांतील उत्खननाचें वृत्त पाहिलें तर तेथील मनुष्यवसतीचा जुन्यांत जुना निश्चित काल आजपासून सुमारें २,२०० वर्षें एवढाच भरतो. एकाच लोकांच्या एकाच भूमीवरील वास्तव्यासंबंधीं साठ हजार आणि बावीसशें असे दोन आंकडे शेजारीं शेजारीं नांदत असतां, त्यांतील अंतर कशानें भरून काढावयाचें, हा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं.

या दोन आंकड्यांचीं मूळ साधनें दोन आहेत. पहिलें साधन, डॉ. झरीन कूपर यांचा अंदमानांतील आद्य वसतींच्या पुरातत्त्वावरील व इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ. तो २००२ सालीं दिल्ली येथें ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेनें प्रसिद्ध केला. दुसरें साधन, हैदराबाद येथील संशोधक के. थंगराज व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलेला जनुकविषयक लेख. हीं दोन्हीं साधनें समोर ठेवून, कोणत्या पुराव्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, एवढेंच पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय आमच्या नित्याच्या दफ्तरांपासून दूरचा आहे खरा. परंतु पुराव्याचा कस लावण्याची रीति सर्वत्र एकच असते, आणि जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस या प्रकरणांत कांहीं अगदीं ओळखीच्या गोष्टी आढळतील.

(२) शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांची साक्ष

अंदमानांतील या लोकांचा ताम्रपट नाहीं, शिलालेख नाहीं, नाणें नाहीं. त्यांनीं मागें ठेवलेलें दफ्तर म्हणजे किनाऱ्यालगतचे शिंपल्यांचे ढिगारे होत. पिढ्यानुपिढ्या एकाच जागीं मुक्काम करावा, शिंपल्यांतील मांस खावें व टरफलें तेथेंच टाकावीं, या क्रमानें हे उकिरडे कित्येक हात उंच झाले आहेत. त्यांत माशांचीं व डुकरांचीं हाडें, चुलींची राख व खापऱ्या सांपडतात.

या ढिगाऱ्यांचें महत्त्व प्रथम ओळखलें तें फर्डिनंड स्टोलिझ्का या भूस्तरशास्त्रज्ञानें. बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढें १८७० सालीं त्यानें यासंबंधीं टिपण सादर केलें. त्यानंतर बहुत वर्षें या कामाकडे कोणी वळलें नाहीं. इटालियन मानववंशशास्त्रज्ञ लिडिओ चिप्रियानी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत कांहीं ढिगारे खणले. तळाच्या थरांत खापरें व डुकरांचीं हाडें नाहींत, तीं वरच्या थरांतच येतात, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे प्रताप दत्त यांनींहि या विषयांत काम केलें. परंतु सर्व बेटांची पाहणी, पद्धतशीर उत्खनन आणि किरणोत्सारी कर्बाच्या मोजणीनें कालनिश्चिति हीं तिन्ही एकत्र आणण्याचें श्रेय डॉ. कूपर यांसच दिलें पाहिजे. त्यांचें संशोधन पुण्याच्या डेक्कन कॉलेजाशीं निगडित होतें, ही गोष्ट येथील वाचकांस विशेष समाधानाची वाटेल. दक्षिण अंदमानांतील चौलदारी येथील ढिगाऱ्याच्या खालच्या थरांवरूनच वर दिलेला सुमारें २,२०० वर्षांचा काल निघतो.

डॉ. कूपर यांच्या कामांतील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. लहान अंदमानांतील ओंगे लोकांनीं सोडून दिलेले मुक्काम त्यांनीं बारकाईनें पाहिले. चूल कोठें असते, हाडें कोठें पडतात, झोंपडी मोडल्यावर काय टिकतें व काय नाहींसें होतें, याची प्रत्यक्ष पाहणी करून मग त्या जुन्या ढिगाऱ्यांकडे वळल्या. ज्यास हल्लींचा कारकून दफ्तर कसें बांधतो हें ठाऊक आहे, त्यालाच जुन्या दफ्तरांत काय गहाळ झालें असावें याचा अदमास करतां येतो. तशांतलाच हा प्रकार आहे.

(३) या साक्षीची मर्यादा

तथापि जो काल सिद्ध झाला तो त्या ढिगाऱ्याचा होय. तो बेटांवर मनुष्यानें पाऊल ठेवल्याचा काल आहे असें कोणी म्हणूं लागल्यास तें आम्हांस मान्य नाहीं. याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण समुद्राचें. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या भरांत, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. त्या वेळीं अंदमानचीं मुख्य बेटें मिळून एकच लांबट भूमि होती, आणि ब्रह्मदेशाचा किनाराहि पुष्कळ पुढें सरकलेला होता. आज नेग्राइस भूशिरापासून अंदमान सुमारें १९० किलोमीटर दूर आहे. त्या काळीं मधलें पाणी पुष्कळच कमी होतें, तरी तें अगदींच नव्हतें असें नाहीं. म्हणजे त्या काळीं कोणी आले असतील तर तराफ्यावरून किंवा होडींतूनच आले. आणि ज्या किनाऱ्यावर त्यांनीं चूल पेटविली तो किनारा आज पाण्याखालीं आहे. शिवाय ही भूमि स्वतःहि स्थिर नाहीं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपांत उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर उचलला गेला आणि पोर्ट ब्लेअरकडील किनारा सुमारें तेवढाच खचला. एका दिवसांत ही उलथापालथ होते, तर सहस्रावधि वर्षांत किती ढिगारे बुडाले असतील याची कल्पना करावी.

दुसरें कारण लोकांच्या राहणीचें. ई. एच्. मॅन यांनीं १८८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या वर्णनांत, व १९०६ ते १९०८ या काळांत तेथें राहून रॅडक्लिफ-ब्राउन यांनीं १९२२ सालीं छापलेल्या ग्रंथांत, किनाऱ्यावरचे 'अर्योतो' आणि रानांतले 'एरेमतागा' असा भेद नोंदलेला आहे. शिंपल्यांचे ढिगारे हें मुख्यतः पहिल्या वर्गाचें दफ्तर. रानांतल्या लोकांचीं बांबूचीं, लांकडाचीं व वेताचीं साधनें त्या दमट हवेंत थोड्याच काळांत कुजून जातात. एका शाखेचें दफ्तर जळालें म्हणून ती शाखा झालीच नाहीं असें आपण म्हणत नाहीं.

तिसरें कारण अनुभवाचें, आणि तें भूमध्य समुद्रांतून मिळतें. शेती येण्यापूर्वीं शिकारी लोक दूरच्या लहान बेटांवर जात नसत. गेले तरी तेथें तगत नसत, असा पक्ष तेथील विद्वानांत दीर्घकाल प्रबळ होता. माल्टा बेटावर पहिले लोक शेतकरीच आले, असेंच सर्व ग्रंथ सांगत. एलेनॉर शेरी व त्यांचे सहकारी यांनीं त्या बेटाच्या उत्तर भागांतील लातनिया येथील गुहा खणली व २०२५ सालीं 'नेचर' मध्यें तिचें वृत्त दिलें. तेथें सुमारें ८,५०० वर्षांपूर्वींच्या चुली, दगडी हत्यारें, तांबड्या हरणांचीं हाडें, मासे व सहस्रावधि समुद्री गोगलगाईंचीं टरफलें मिळालीं. हे लोक शेतकऱ्यांच्या आगमनापूर्वीं सुमारें एक हजार वर्षें तेथें पोंचले होते, आणि त्यासाठीं त्यांना सुमारें १०० किलोमीटर उघडा समुद्र ओलांडावा लागला होता. म्हणजे एका गुहेनें एका बेटाचा इतिहास एक हजार वर्षें मागें नेला. यावरून अंदमानांतहि असें होईलच असें ठरत नाहीं. परंतु 'सांपडलें नाहीं, म्हणून नव्हतें' या अनुमानावर किती भार टाकावा, हें मात्र ठरतें.

सारांश, २,२०० वर्षें हा आंकडा खालची मर्यादा दाखवितो. 'निदान तेव्हांपासून' एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

(४) जनुकांची साक्ष

आतां साठ हजारांच्या आंकड्याकडे वळूं. थंगराज प्रभृतींनीं पांच ओंगे, पांच महा-अंदमानी व पांच निकोबारी व्यक्तींच्या, आईकडून उतरणाऱ्या जनुकद्रव्याचें संपूर्ण वाचन केलें. ओंगे व महा-अंदमानी यांच्यांत त्यांना 'एम ३१' व 'एम ३२' या दोन शाखा आढळल्या. त्या शाखा मूळ खोडापासून फार प्राचीन काळीं फुटलेल्या असल्यामुळें, आफ्रिकेंतून बाहेर पडलेल्या पहिल्या मानवांचे हे वंशज ५० ते ७० हजार वर्षें अलग राहिले, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. साठ हजार हा लोकप्रिय आंकडा याच कक्षेंतला आहे.

या वाचनाबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती वाचनावरून स्थलनिर्णय करण्याबद्दल. पोथ्यांच्या संशोधकांस हा दोष सहज कळण्याजोगा आहे. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती घेऊन आपण त्यांतील लेखनिकांचे प्रमाद जुळवितों, कोणत्या प्रती एका घराण्याच्या व कोणत्या दुसऱ्या हें ठरवितों, आणि त्या प्रतींचा वंशवृक्ष मांडतों. जनुकांचा वंशवृक्ष याच पद्धतीनें मांडतात. तेथें लेखनिकाच्या प्रमादाच्या जागीं पिढीगणिक होणारे सूक्ष्म पालट असतात, इतकाच फरक. परंतु दोन प्रतींचीं घराणीं केव्हां वेगळीं झालीं हें वंशवृक्षावरून कळलें, तरी तीं कोणत्या गांवीं वेगळीं झालीं हें त्यावरून कळत नाहीं. तंजावरास एखादी ज्ञानेश्वरीची पोथी मिळाली आणि तिच्या शेवटीं ग्रंथसमाप्तीचा शके १२१२ लिहिलेला असला, म्हणून ती शके १२१२ पासून तंजावरास होती असें कोणी म्हणत नाहीं. मराठ्यांचें राज्य तेथें झालें तेंच मुळीं इ. स. १६७५ च्या सुमारास. ग्रंथाचा शक वेगळा, प्रतीचा वेगळा, आणि ती प्रत त्या गांवीं आल्याचा शक तिसराच. अंदमानांच्या बाबतींत या तिन्हींची गल्लत झालेली आहे.

ही केवळ तर्काची अडचण आहे असें कोणी म्हणूं नये; प्रत्यक्ष पुरावाहि तेंच सांगतो. वरील लेखानंतर एकाच वर्षानें, २००६ सालीं, 'सायन्स' मध्येंच त्यावर आक्षेप प्रसिद्ध झाला. 'एम ३१' ची शाखा मुख्य भूमीवर, पूर्वेकडील राजबंशी लोकांतहि आढळते, असें त्यांत दाखविलें होतें. म्हणजे जी शाखा बेटांतच वाढली असें समजलें गेलें होतें, तिची भावंडें किनाऱ्यापलीकडे निघालीं. पुढें २०१८ सालीं आग्नेय आशियांतील प्राचीन सांगाड्यांच्या जनुकांचें वाचन प्रसिद्ध झालें. लाओस येथील सुमारें आठ हजार वर्षांपूर्वींचा आणि मलायांतील सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचा, असे शिकारी लोकांचे जे अवशेष त्यांत तपासले गेले, त्यांचें आजच्या लोकांपैकीं ओंगे लोकांशीं निकटचें साम्य दिसून आलें. तात्पर्य, या घराण्याच्या शाखा मुख्य भूमीवर आठ हजार व चार हजार वर्षांपूर्वींपर्यंत नांदत होत्या. मग त्यांच्यापैकीं कांहीं लोक होडींत बसून बेटांकडे वळले ते साठ हजार वर्षांपूर्वीं, वीस हजार वर्षांपूर्वीं, कीं त्याहूनहि अलीकडे, हें घराण्याच्या वयावरून सांगतां येणार नाहीं.

वंशाचें वय म्हणजे वसतीचें वय नव्हे, एवढाच या विवेचनाचा निष्कर्ष.

(५) प्रलयकथेचा आधार

कांहीं लेखक आणखी एक आधार पुढें करितात. मॅन यांनीं नोंदलेल्या कथेंत 'पुलुगा' हा देव रागावून महापूर पाठवितो. होडींतील दोन पुरुष व दोन स्त्रिया तेवढीं वांचतात. सर्वत्र विस्तव विझलेला असतो, आणि एक खंड्या पक्षी देवापाशीं तो चोरण्यास जातो. हिमयुगाच्या अंतीं समुद्र वाढला त्याची ही आठवण असावी, असें सुचविलें जातें. कथा सुंदर आहे, परंतु तिचा भर भूमि बुडण्यावर नाहीं. विस्तव परत कसा मिळाला यावर आहे. जे लोक विस्तव नव्यानें पाडीत नसून जपून ठेवीत, त्यांना तीच मोठी चिंता असावी हें स्वाभाविक आहे. शिवाय ज्या बेटांस वादळें व भूकंपाच्या लाटा नित्य परिचयाच्या आहेत, तेथें पुराची आठवण होण्यास दहा हजार वर्षें मागें जाण्याचें प्रयोजन नाहीं. पुराणांतील प्रलयावरून शकावली रचण्याचा मोह आपल्याकडील संशोधनानें मोठ्या कष्टानें आवरला आहे. तो अंदमानांत पुन्हां सुरू होऊं नये.

(६) 'अलगपणा'ची परीक्षा

साठ हजार वर्षांच्या आंकड्याबरोबर दुसरें एक विधान जोडून येतें तें असें कीं, हे लोक तेव्हांपासून जगापासून तुटलेले असून पाषाणयुगाचे जिवंत अवशेष आहेत. येथें तर ढिगाऱ्यांची साक्ष उघड विरुद्ध आहे. अंदमानी लोक मडकीं घडवीत. उत्तरेकडील मडक्यांचा तळ टोंकदार व दक्षिणेकडील मडक्यांचा गोलट असे. सर्व जगांत मृत्पात्रांचा जुन्यांत जुना पुरावा सुमारें वीस हजार वर्षांपलीकडे जात नाहीं. तेव्हां एक तर ही कला त्यांनीं स्वतः शोधून काढली, नाहीं तर बाहेरून घेतली. कोणतेंहि मानलें तरी साठ हजार वर्षांपूर्वींची स्थिति जशीच्या तशी टिकली हें म्हणणें कोसळतें. उलांडीची होडी ते वापरीत. फुटलेल्या जहाजांचें लोखंड ठोकून ते बाणांचीं टोंकें करीत, आणि कांचेच्या कपच्यांनीं हजामत करीत. इ. स. ८५१ च्या अरबी वृत्तांतांत या बेटांपाशीं पाण्यासाठीं येणाऱ्या जहाजांचा उल्लेख आहे. अर्थात् त्यांचा संबंध जगाशीं होता. तो बहुधा त्यांनीं आपल्या अटीवर ठेविला, आणि परक्यांस किनाऱ्यावर उतरूं दिलें नाहीं. हें अज्ञान नसून धोरण होतें असें म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

चिप्रियानींचें थरांविषयींचें निरीक्षण खरें ठरल्यास त्यास येथें फार महत्त्व येईल. खापरें व डुक्कर नंतर आलीं असतील तर त्या ढिगाऱ्यांतच एका पालटाचा, म्हणजे इतिहासाचा, लेख आहे. पालट होत गेलेल्या समाजास 'अवशेष' म्हणतां येत नाहीं.

(७) या वादाचें महत्त्व

एवढ्या दूरच्या काळाच्या आंकड्यांवर इतकी शाई कां खर्च करावी, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर त्या लोकांच्या अलीकडील इतिहासांतच आहे. १८५८ सालीं तेथें कैद्यांची वसाहत झाली. १८७७ सालीं गोंवराची सांथ आली. १९०१ च्या शिरगणतींत महा-अंदमानी ६२५ होते. १९६१ मध्यें ते १९ उरले. २०१० सालीं बोआ या वृद्ध स्त्रीच्या निधनानें 'बो' ही त्यांची एक भाषा बोलणारें कोणी राहिलें नाहीं. ज्या लोकांस आपण 'पाषाणयुगाचे' म्हणतों त्यांचा नाश ही काळाची स्वाभाविक गति आहे असें मानणें सोपें जातें. साठ हजार वर्षांची बिरुदावली गौरवाची दिसली, तरी ती त्यांचा सारा इतिहास पुसून टाकते, आणि वरील शंभर वर्षांत काय घडलें याचें उत्तर देण्याच्या जबाबदारींतून इतरांस मोकळें करते.

याच्या उलट, उद्यां कोणी २,२०० चा आंकडा धरून 'हेहि बाहेरचेच आले' असा युक्तिवाद करील, तर तोहि तितकाच निराधार होय. भूमीवरील हक्क हा वास्तव्यावर व वहिवाटीवर उभा असतो. तो साठ हजार वर्षांनीं वाढत नाहीं व बावीसशें वर्षांनीं घटत नाहीं. इतिहाससंशोधकानें आंकडा कोणाच्या सोयीचा आहे हें न पाहतां तो कशाचा आहे एवढें पाहावें.

(८) उपसंहार

आमच्या मतें यापुढें या विषयावर लिहिणाऱ्यांनीं तीन काल नेहमीं वेगळे लिहावे : एक, जनुकांवरून निघणारा घराण्याचा काल, दोन, बेटांवर आगमनाचा काल, जो अद्याप ठरलेला नाहीं, तीन, उत्खननानें सिद्ध झालेला वसतीचा काल, म्हणजे निदान २,२०० वर्षें. पहिल्याचा आंकडा दुसऱ्याच्या घरांत लिहूं नये, आणि तिसऱ्याचा तर मुळींच नाहीं. नवा पुरावा मिळावयाचा तर तो गुहांतून, उंचावरील जुन्या किनाऱ्यांतून व बुडालेल्या किनाऱ्यांच्या शोधांतून मिळेल. परंतु ज्या रानांत व ज्या बेटांवर ते लोक आज राहत आहेत तेथें कुदळ घेऊन जाण्याचा अधिकार कोणास नाहीं. तेथील दफ्तर अद्याप चालू आहे, आणि चालू दफ्तर धन्याच्या अनुज्ञेवांचून उघडीत नसतात.

डॉ. कूपर यांच्या ग्रंथाचा खरा गुण हाच कीं, त्यांतील आंकडा लहान असला तरी तो कोठून निघाला तें ठिकाण दाखवितां येतें. संशोधनांत मोठ्या निराधार आंकड्यापेक्षां लहान साधार आंकडा नेहमींच अधिक मोलाचा समजला जातो. अंदमानांच्या इतिहासाची उभारणी त्या लहान आंकड्यापासूनच व्हावी, असें आमचें मत आहे.